करीच्या रात्रीचा ट्रेलर

लाइन गेली तर जाऊ दे. अंकुर, तो मोबाइल ठेव बाजूले. उद्यापासून ट्रेलरवर बसाचं हाये ना तुले? मंग आयक. हे माह्यासंगं झालं नाही. माह्या जुन्या दोस्तासंगं, बाळापूरच्या ताहेरभाईसंगं झालं, अन् त्यानं स्वतः मले सांगतलं.

दोन वर्षांआधीची, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीची, करीची रात्र. काम साधंच होतं. अमरावतीहून लोखंडी सळ्या भराच्या अन् अकोल्याले एका बांधकामावर उतरवाच्या. गाडी ताहेरभाई चालवून राहिला होता. बाजूले नितेश, मालकानं नवाच लावलेला दुसरा ड्रायव्हर. तिशीतला पोरगा.

बडनेऱ्याकडच्या सर्कलवर ताहेरभाईनं गाडी पार हळू केली, गाडीचं डोकं, म्हंजे केबिन, बाहेरून घेतलं. म्हने, "ट्रेलर लंबा हाये बेटा. डोकं बाहेरून वळते, पन शेपूट आतून कापते. शेवटचं चाक निघेपर्यंत आरशावरून नजर हालवाची नाही."

नितेशनं घाम पुसला फक्त.

मूर्तिजापूर मांगं पडलं. पाऊस लागला अन् थांबला. अकोल्याच्या बायपासचं मोठं सर्कल आलं तवा रात्रीचा दीड झालता.

"चाचा, इथून नको," नितेश म्हने.

"दुसरा रस्ता कुठं हाये बे?"

ताहेरभाईनं गाडी सर्कलात घातली. आरशात पाह्यलं... ट्रेलर अन् सर्कलच्या मधात एक मोटरसायकल. मानूस चालवून राहिला, मांगं बाई. चाकाले पार खेटून.

त्यानं करकचून ब्रेक मारला. सळ्या खणाणल्या. पुन्हा पाह्यलं तर कोनीच नाही.

"तुले दिसली का?"

नितेशनं आरशाकडून तोंड फिरवलं. "दिसली. मांगच्या वर्षी बी इथंच दिसली होती. चाकाखाली आल्यावर."

ताहेरभाईनं इंजिन बंद केलं. चाबी काढून घेतली.

"इथं जोडप्याले चिरडून पळालेला ट्रेलरवाला तू होता का रे?"

"बाई जागीच गेली चाचा. मानूस जिता होता. पाय चाकाखाली होते. 'गाडी समोर घे, समोर घे' म्हनून वरडून राहिला होता. तो वाचला असता तं नंबर सांगतला असता. मी..."

"तू काय केलं?"

"मांगं घेतली."

...

अंकुर, मंग काय झालं म्हनतं? आयक.

मंग मांगून आवाज आला. हळूच.

"भाऊ... गाडी समोर घे ना."

नितेशनं दरवाजा उघडला. ताहेरभाईनं कॉलर धरली. शर्ट फाटला. पोरगा खाली उतरून मांगं गेला. आपल्या मनानं नाही, वढला गेल्यासारखा. आरशात दिसला तो शेवटच्या चाकामांगं. उभ्याचा खाली पडला. जसं कोनी पाय खेचले.

इंजिन बंद. हँडब्रेक लागलेला. चाबी मुठीत.

ट्रेलर हालला.

मांगं.

ताहेरभाई दोन्ही पायांनी ब्रेकवर उभा राह्यला. चाक थांबेना. आधी पाय गेले. नितेश नखांनी डांबर वरबाडून राहिला होता. "चाचा, समोर घ्या! समोर..." मंग कंबर. वाळल्या तुराट्या मोडल्यासारखा आवाज. मंग छाती. तोंडातून रगत आलं, शब्द नाही आला.

मंग डोकं...

गाडी आपोआप थांबली.

पोलिसाईनं ताहेरभाईले धरलं. केस अजून चालू हाये. गाडी तपासली, ब्रेक चांगले निघाले. रस्त्याले मांगच्या अंगानं उतार म्हनावा, तं तिकडं चढ होता. ताहेरभाईनं त्या दिवसापासून स्टेअरिंगले हात लावला नाही. भावाच्या वावरात राह्यते. रात्री झोपत नाही.

त्या रात्रीनंतरच्या सकाळी मीच त्याच्या जमानतीसाठी ठाण्यात गेलो होतो. गाडी आवारात उभी होती. ताहेरभाई म्हने, हेडलाइट चालूच होते, काचेसमोर कुत्रं बी नव्हतं.

मी समोरून जाऊन पाह्यलं. गाडीचं तोंड चिखलानं माखलेलं. अन् काचेखाली, त्या चिखलात, पंजे उमटलेले. जोर लावून रेटलेले, बोटं फाकलेली. चार.

दोन मोठे.

दोन लहान... बाईचे.