राजाच्या तळ्यावर

"मेलो!"

तंजावूरच्या टाऊन बसमध्ये, भर गर्दीत, अस्सल मराठी किंकाळी. चंद्रमती दचकली. तिचीच टाच त्याच्या पायावर होती.

"मेला असता तर इतकं मोठ्यानं ओरडला नसता," ती बोलून गेली... आणि तिनं जीभ चावली.

तो हसला. रघुपती. मूळचा राजवाड्यामागच्या गल्लीतला, आता मद्रासला इतिहास शिकवणारा. सुट्टीत सरस्वती महाल ग्रंथालयात वाचायला आला होता.

"काय वाचता ओ इतकं?"

"नीलमुडी राजा खरंच होऊन गेला का, ते."

"अय्यो, गेला की! ओरत्तनाडूला आमच्या शेताशेजारचं तळं त्यानंच खणलं. स्वतः चिखल वाहिला."

"बाराशे वर्षांपूर्वी? तुम्ही पाहिलंत?"

"तो नव्हता, हे तुम्ही पाहिलंत?"

मग रोज संध्याकाळी नव्या एसटीडी बूथशेजारी कॉफी, आणि राजावरून भांडण. शिलालेख नाही, ताम्रपट नाही, गोष्टही फार मागाहूनची... तो एकेक आधार काढून घेत गेला. ती हरत गेली. जिंकताना तो तिच्याकडे असं काही बघायचा, की हरणंही गोड लागायचं. पोंगलपर्यंत तिच्या मनातून राजा गेला, आणि तिथं रघुपती बसला.

तिचे अप्पा, तुळजाराम, लग्नाला कबूल झाले. फक्त घरची रीत पाळायची. साखरपुड्याआधी जावयानं तळ्यात उभं राहून ओंजळीत पाणी घ्यायचं आणि म्हणायचं, 'राजा पाहतोय. हिला अंतर देणार नाही.' त्याशिवाय लग्न नाही.

चंद्रमती धास्तावली. खऱ्याला इतका जपणारा हा माणूस... नाही म्हणाला तर?

रघुपतीनं पँट दुमडली, पाण्यात उतरला, हजेरी घेतल्यासारखं वाक्य म्हटलं आणि हात झटकले. वर तिच्याकडे बघून डोळा मिचकावला.

"झालं! घाबरली होतीस ना?"

"पण... तुमच्या लेखी तो नाहीच ना?"

"म्हणून तर सोपं! नसलेल्याचं कसलं भय?"

"मग शब्द दिलात कुणाला?"

"अप्पांना हवा होता, दिला."

"आणि मी?"

तो गोंधळला. "चंद्रा, एवढ्यासाठी...?"

"एवढंच होतं आमच्याकडं."

तिनं अप्पांना सांगितलं, हे लग्न नको. दुपारच्या बसनं तो गेला. खिडकीतून त्यानं एकदाच मागं पाहिलं.

मग ती स्वतः तळ्यात उतरली. निदान आपण तरी म्हणावं... तिनं ओंजळ भरली.

"राजा..."

पुढचे शब्द येईनात. त्याला तर रघुपतीनं केव्हाच नेलं होतं. बोटांतून पाणी गळत राहिलं, आणि पाहणारं कुणीच नव्हतं.