फोटोखालचे फोटो

वाडीत, अमरावती मार्गावर, मालट्रकांच्या गोदामांना लागून प्रेमलताचे छपाईचे दुकान होते. लग्नापेक्षा मयताच्या पत्रिकाच तेथे अधिक छापल्या जात. प्रिंटर दुरुस्त करणारा धम्मानंद मेश्राम तेथे पोहोचला, तेव्हा दुपारचे दोन वाजले होते. चार वाजता पुण्यानुमोदनाच्या, म्हणजे मयतानंतरच्या विधीच्या, शंभर पत्रिका न्यायला माणसे येणार होती, आणि एकेक पान सात मिनिटे घेत होते.

धम्मानंद पद्धतशीर मनुष्य. नुसत्या मजकुराचे पान त्याने काढले. ते क्षणात आले. नुसता फोटो काढला, तोही आला. दोन्ही असलेली पत्रिका मात्र चार ओळी छापून फोटोच्या कडेशी थांबे. आत रोलर घरघरत राही. मग फोटो केसाकेसाने खाली उतरे, जणू एका अरुंद दारातून पुष्कळ माणसे बाहेर पडत आहेत.

त्याने केबल बदलली, ड्रायव्हर नव्याने टाकला. फरक पडला नाही. अखेर मूळ फाइल उघडून त्याने वरचा फोटो बाजूस सरकवला. खाली दुसरा फोटो होता. त्याखाली तिसरा.

"ताई, हे काय?"

"फाइल तेच ठेवायची. नाव बदलवायचं अन् फोटोवर फोटो ठेवायचा," प्रेमलता म्हणाली. "वरचाच तं दिसते."

"पण प्रिंटर सगळेच वाचून राहिला ना. जुने काहून नाही पुसले?"

ती रस्त्यावरच्या ट्रककडे पाहू लागली.

"मागं एक पुसला होता. कृष्णकांतचा. त्याच्या स्मृतिदिनाचं कार्ड करायले कोणी आलं नाही, म्हणून मी त्याच्या घरी गेली. त्याची बायको म्हणते, कोण कृष्णकांत?"

"डोक्यात फरक पडला असन बाईच्या."

"पोरंही तेच म्हणे, भाऊ."

 धम्मानंद एकेक फोटो पुसू लागला. प्रत्येक चेहऱ्याबरोबर प्रिंटरची घरघर थोडी मंद होई. वास्तविक त्या वेळी प्रिंटरकडे कोणतेही काम पाठविलेले नव्हते.

छत्तीस फोटो गेले. सर्वांत खाली त्याचे वडील होते.

रुपराव मेश्राम, खापरखेड्याच्या वीज केंद्रातील कामगार. गेटपासचा तो फोटो, कॉलरवर राखेचा डाग. पाच वर्षांपूर्वी धम्मानंदनेच ती पत्रिका येथून छापून नेली होती.

"तो एक राहू दे," प्रेमलता हळूच म्हणाली.

त्याने राहू दिला, आणि छपाईस एक पान सोडून पाहिले. ते फोटोच्या कडेशी येऊन थांबले.

साडेतीन वाजले होते.

वडील आपल्या स्मरणात आहेत, त्यांस फाइलीची गरज नाही, असे त्याने स्वतःस बजावले.

पुसण्याचे बटण दाबले.

शंभर पत्रिका पंधरा मिनिटांत निघाल्या. धम्मानंदच्या डोळ्यांत पाणी होते. कशाचे, ते त्यास कळेना. प्रेमलताने त्याच्याकडे पाहण्याचे टाळले.

सायंकाळी घरी त्याची आई, तुळसाबाई, ओट्यापाशी उभी होती. तिच्या हातात स्टीलचा जुना डबा होता.

"हा डबा कोणाचा हाये गा? आपल्या भांड्यात निघाला."

झाकणावर नाव कोरलेले होते. धम्मानंदने ते दोनदा वाचले.

"रुपराव मेश्राम," तो म्हणाला. "आडनाव तं आपलंच हाये. बाजूच्यायले विचार, माय."