दिस बुडला का?

गिरणीत मी ज्वारीचा डबा घेऊन शिरले, तेव्हा सयाजी गिरणीवाला कुणाला तरी सांगत होता, "डोंगर पेटला की राजमती अक्काच्या पायरीवर बाबासो पाणी मागायला येतोय, आणि अक्का त्याला..." एवढ्यात त्याचं लक्ष माझ्याकडं गेलं. त्यानं चक्की सुरू केली आणि पुढचं वाक्य घरघरीत बुडालं.

आता अर्धी गोष्ट कानात घेऊन झोपणारी बाई मी न्हवं. आमच्या घरात म्हणतात, मलिकाला महिन्याचे रोजे सोसतात, पण अर्धवट बातमी एक दिवस सोसत नाही. माझं शिलाई मशीन मी खिडकीत मांडलंय. उजेडासाठी, असं सांगते. खिडकीसमोर बोळ आणि बोळापलीकडं अक्काचं घर. अक्काचा नवरा बाबासो आण्णा जाऊन तीन वर्षं झाली. त्या दारात कोण येतं ते मला ठाऊक नसावं? मग आठवलं, डोंगर पेटला की धुरामुळं मी खिडकी लावून घेते.

कोडोलीपासून वर, डोंगराच्या पायथ्याला आमची वस्ती. इथं दर साली कोण तरी डोंगर पेटवतं. गवत जाळलं की पुढच्या साली जोमानं येतं, अशी जुनी समजूत. कोण पेटवतं ते सगळ्यांना माहीत असतं, नाव कुणी घेत नाही.

गिरणीच्या गोष्टीला दोन दिवस झाले आणि डोंगर पेटला. सोळावा रोजा होता. संध्याकाळी सहाच्या सुमाराला अक्काचा शिवून झालेला ब्लाऊज पेपरात गुंडाळला, दोन खजूर मुठीत घेतले आणि बोळ ओलांडला. ब्लाऊज उद्या दिला असता तरी चाललं असतं, हे तुम्हाला कळलंच असेल.

आभाळ पिवळं झालेलं. सूर्य कुठं आहे ते दिसत नव्हतं, नुसता धूर. आधी जळक्या गवताचा वास, मग मधेच केस जळल्यासारखा. राख भुरुभुरु पडत होती, अंगण पिठासारखं पांढरं झालेलं. एक पाखरू ओरडत नव्हतं.

अक्का पडवीत बसली होती, तोंडाला पदर लावून. पायरीवर रुंद तोंडाचं पातेलं, गाळलेल्या पाण्यानं काठोकाठ भरलेलं, शेजारी फुलपात्र.

मी आडूनपाडून विचारलं. अक्का हसली. म्हणाली, गिरणीतनं आलीस व्हय? आणि मग तिनं आपणहून सांगितलं.

आण्णांचा जैनांच्या चौविहाराचा नेम. दिवस मावळला की अन्न नाही, पाण्याचा थेंब नाही. डोंगर पेटला की हा माणूस ओल्या डहाळ्या घेऊन एकटा वर पळायचा. सशाची पिल्लं, तितराची अंडी जळतात, म्हणून आग झोडपत बसायचा. तीन वर्षांमागं असाच खाली आला, काळाठिक्कर, घसा सुकलेला. पाणी मागितलं नाही त्यानं. पायरीवर बसून एवढंच विचारलं, "दिस बुडला का गं?" अक्कानं बाहेर बघितलं. अंधार. म्हणाली, बुडला. त्यानं मान हलवली आणि पडवीत आडवा झाला. थोड्या वेळानं वारं फिरलं, धूर सरला. डोंगरावर हातभर दिवस होता. अक्का तांब्या घेऊन धावली, तोवर आण्णा गेला होता.

"आता डोंगर पेटला की येत्यात," अक्का म्हणाली. "पाणी मागत न्हाईत. त्येच इचारत्यात. पण दिस बुडल्यावरच येत्यात गं. मी खोटं कसं बोलू? बुडला म्हणते. मग जात्यात." पातेल्याकडं बघत म्हणाली, "एकदा त्ये प्याले असते तर मी सुटले असते."

मी काही बोलणार, तेवढ्यात धुरातनं अजान आली. सहा वाजून एक्केचाळीस मिनिटं. यांचं पाणी बंद होतं तेव्हा आमचं सुरू होतं. मी बिस्मिल्ला म्हणून खजूर तोंडाशी नेला.

पायरीखाली राख दबल्याचा आवाज झाला. मऊ.

"दिस... बुडला का?"

आवाज घोगरा, अगदी जमिनीलगत. धुरात काही दिसेना. अक्कानं ओठ उघडले, आणि मी तिचा हात घट्ट धरला.

"न्हाय ओ आण्णा," मी म्हणाले. "नुसता धूर हाय. दिस हाय अजून. प्या."

बोलून गेले, आणि मग लक्षात आलं, दिवस आहे म्हटल्यावर माझाही रोजा सुटत नाही. खजूर मी खाली घेतला. जिभेला कोरड, आणि समोर पाणी पिण्याचा आवाज. घोट घेतल्यासारखा नव्हता... चपचप. एक, मग दुसरा, मग कितीतरी. आम्ही दोघी जागच्या हललो नाही. अक्का रडत होती. "प्याले गं," म्हणत होती.

आवाज थांबला. धूर विरळ झाला. मी मोबाईलची बॅटरी लावली. पातेलं कोरडं. फुलपात्र होतं तिथंच, राखेनं भरलेलं.

"त्यांचं पाऊल हाय का बघ," अक्का म्हणाली.

मी वाकले. राखेत सशाची जोडपावलं होती. तितराची तीन बोटं. मुंगसाची नखं. एक लांब सरपटलेली रेघ. सगळं अंगण भरलेलं. माणसाचं पाऊल कुठं नव्हतं. तोंडात रोजा असताना एक खोटं बोलले होते, दुसरं निघेना.

"न्हाय, अक्का."

तिनं पदरानं डोळे पुसले. मग हळूच म्हणाली, "मग इचारलं कुणी?"

बॅटरी तोवर वर सरकली होती. पावलं पायरी चढली होती. आम्हा दोघींच्या मधनं, आमच्या लुगड्यांना घासून, उंबऱ्याच्या आत गेली होती. परत फिरलेलं एकही नव्हतं. आत माजघरात काळोख होता. मी दाराला हात घातला.

"लावू नगंस," अक्का म्हणाली. "दमल्याली असतील."

रोजा मी घरी जाऊन सोडला, तासभर उशिरा. सयाजीला अजून काही सांगितलेलं नाही. त्याचं अर्धं खरं आहे, पाणी प्यायला येतात. पण येतात म्हणजे जातात, असं त्यानं गृहीत धरलंय. आता डोंगर थंड आहे, खिडकी मी उघडी ठेवते. अक्का रोज दिवस मावळायच्या आधी पातेलं भरते. पायरीवर नाही, माजघरात. सकाळी घासायला बाहेर आणते तेव्हा ते कोरडं असतं, आणि काठावर राखेची बोटं असतात. काल मी नीट निरखून बघितली. पाच होती, अक्काच्या बोटांहून जाड.