ओजसची सही

हार्बरफ्रंटच्या धक्क्यावर फेरीबोट उशिरा सुटणार, अशी घोषणा झाली आणि रांगेतले सगळे कुरकुरत बाकांकडे परतले. एक तरुण मात्र घोषणा ऐकूच न आल्यासारखा पासपोर्ट हातात धरून उभा राहिला. रांगेतल्या क्षिप्राच्या ते लक्षात आलं; ती सांकेतिक भाषेच्या वर्गाला नुकती जायला लागली होती. उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग! तिनं पुढं होऊन भराभर खुणा केल्या.

"फेरीलाच उशीर आहे ना?" तो हसत हातांनीच म्हणाला. "मग तुझ्या हातांना एवढी घाई कसली?"

तो ओजस. पुण्याचा, जन्मापासून ऐकू न येणारा, जुरोंग आयलंडवर इंजिनीयर. त्या दिवसापासून दर शनिवारी मरीन परेडच्या हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या स्टॉलांच्या गर्दीत, दोघांचा सराव सुरू झाला. बँकेतली नोकरी सांभाळून क्षिप्रा शिकत गेली. तिचे हात निवांत झाले... आणि शनिवार उजाडला की जीव मात्र निवांत राहीना.

तिला सांकेतिक भाषेची नोंदणीकृत दुभाषी व्हायचं होतं. एका इस्पितळात जागाही तिच्यासाठी थांबली होती. परीक्षा झाली, सरावाचे तास भरले. उरली एकच अट — तिचं काम पाहिलेल्या कर्णबधिर व्यक्तीची शिफारस. मुदत उद्याची. हॉकर सेंटरमधल्या नेहमीच्या टेबलावर तिनं अर्ज आणि पेन ओजसपुढे सरकवलं.

त्यानं कागद वाचला आणि मान हलवली. "मी सही करणार नाही."

क्षिप्राचा चेहरा पडला. "का? माझं काम वाईट आहे?"

"तुझ्याइतकं चांगलं कुणी करत नाही."

"मग?"

त्यानं शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. शिफारस करणारा उमेदवाराचा नातलग किंवा निकटची व्यक्ती नसावा.

"आपण कुठे..." तिचे हात अर्ध्यावरच थांबले.

"सही केली तर माझ्या बाजूनं तरी ती खोटी ठरेल," तो सावकाश म्हणाला. "मला तू आवडतेस, क्षिप्रा. तुझ्या बाजूनं तसं काही नसेल, तर सांग. आत्ता सही करतो, आणि पुन्हा हा विषय काढणार नाही."

त्यानं पेन उचललं. बाहेर पावसाची सर आली होती. क्षिप्राला इस्पितळातली ती जागा दिसत होती, डॉक्टरांपुढे गोंधळून बसलेली माणसं दिसत होती. 'काही नाही' एवढंच सांगायचं होतं. मन मात्र तयार होईना.

तिनं त्याच्या हातातून पेन काढून घेतलं आणि टोपण लावलं.

"पुढच्या वेळी अर्ज करीन," ती म्हणाली. डोळे भरून आले होते, तरी ओठांवर हसू होतं. "दुसरं कुणीतरी शोधावं लागेल. तू आता... चालणार नाहीस."

ओजसनं तिचा उजवा हात हातात घेतला तो सोडेचना.

"सोड की," तिनं डाव्या हातानं कशीबशी खूण केली. "जागा हातची घालवलीस, मला तुझ्यावर रागवायचंय!"

"एका हातानं रागव," तो एका हातानंच म्हणाला. "मला कळतं."