ताईची एकच चूक

"ही सही तुझीच ना, ताई? सांग, तुझीच ना?"

वकिलाने हातातले कागद चहाच्या कपांवरून थेट ताईच्या पुढ्यात आपटले. अख्खं शहर ज्याला वकीलसाहेब म्हणे, दुबळ्यांच्या हक्कांसाठी भल्याभल्यांना जो भर कोर्टात घाम फोडे, तो तिचा धाकटा भाऊ, तिचा टिल्लू, आज तिच्याच स्वयंपाकघरात तिची उलटतपासणी घेत होता!

"सही माझीच आहे. पण झालं तरी काय?"

"सफाई कामगारांच्या वस्तीतली बेचाळीस मुलं शाळेने दारातून परत पाठवली, ताई! वस्तीचा पत्ता बघूनच अर्ज बाजूला काढले, हे प्रवेश अधिकाऱ्याने परवा माझ्यासमोर कबूल केलं. तू तिथंच बसून लिहून घेत होतीस! मग टाइप केलेल्या साक्षीत तो प्रश्न कुठंय? उत्तर कुठंय? आज शेवटचा युक्तिवाद... मी काय दाखवू, कप्पाळ?"

"अरे, मी..."

"कुणी दबाव आणला? निवृत्तीला तीन महिने राहिले म्हणून भ्यालीस? आईच्या जागी मानलं गं तुला!"

तो तरातरा निघून गेला. एकतीस वर्षं कोर्टात लघुलेखिका म्हणून तिने हजारो साक्षी टिपल्या, पण भावाच्या खटल्यात ती कधी बसत नसे. परवा नेहमीचा लघुलेखक तापाने फणफणला आणि दोन्ही बाजूंनी संमती दिली, म्हणून बसली एवढंच. आणि नेमकी त्याच दिवशी माशी शिंकली होती!

ती धावतपळत कचेरीत पोहोचली. कपाटातून लघुलिपीची वही काढून तिने डोळ्यांजवळ धरली, आणि बोटांना दोन पानं एकमेकांना चिकटलेली लागली. टाइप करताना दोन्ही एकदमच उलटली गेली होती! ना दबाव, ना कारस्थान... डोळ्यांत मोतीबिंदू पिकत होता आणि नोकरी जाईल या भयाने ती तो सर्वांपासून लपवत होती.

वही परत ठेवली असती तर कुणाला कळणार होतं? झाकली मूठ सव्वा लाखाची! पण ती बेचाळीस मुलं... छातीशी वही कवटाळून ती जिना चढू लागली, धापा टाकत, दोन-दोन पायऱ्या एकदम!

"साहेब, चूक माझी आहे!" भरल्या कोर्टात तिचा आवाज घुमला. न्यायाधीशांनी मान वर केली. तिने सगळं सांगितलं, अगदी डोळ्यांचंसुद्धा.

शाळेचा वकील ताडकन उठला. "वा! भावाची बुडती नाव सावरायला बहीण धावली! या रेघोट्यांत काय लिहिलंय हे हिच्याशिवाय कोण सांगणार? आणि बाई, तुम्हाला कायद्यातलं कळतं तरी काय?"

"कायद्याच्या पहिल्या वर्षाला कॉलेजात पहिली आले होते मी," ताई शांतपणे म्हणाली. "आई-बाबा गेले, धाकट्याचं शिक्षण राहिलं होतं. म्हणून सोडलं."

टिल्लूच्या हातातली फाईल खाली पडली. ताई नापास झाली म्हणून तिने कॉलेज सोडलं, असंच त्याला जन्मभर ठाऊक होतं. तिनेच तसं सांगितलं होतं... आणि त्यावरून त्याने तिला किती वेळा चिडवलं होतं!

न्यायाधीशांनी शेजारच्या कोर्टातल्या लघुलेखकाला बोलावलं. बढतीच्या भांडणापासून त्याने ताईशी अबोला धरला होता. त्याला खटल्यातलं काडीचंही ठाऊक नव्हतं. त्याने चष्मा चढवला, वही हातात घेतली आणि तो वाचू लागला.

"प्रश्न: अर्ज कशावरून वेगळे केले? उत्तर: वस्तीचा पत्ता बघून. प्रश्न: गुण पाहिले का? उत्तर: नाही. तशी गरज वाटली नाही."

मागच्या बाकांवर वस्तीतल्या बायकांना हुंदके फुटले. न्यायाधीश म्हणाले, "साक्ष दुरुस्त करून घ्या. आणि बाई, तुमच्या चुकीची चौकशी होईल. तोवर काम थांबवा." ताईने मान डोलावली.

टिल्लू तिच्याजवळ आला. "ताई... नापास झाले म्हणून का सांगितलंस गं?"

"खरं सांगितलं असतं तर तू शिकला असतास का?"

"आणि मी सकाळी तुला..." सगळ्यांदेखत तो वाकला आणि त्याने तिच्या पायांवर डोकं ठेवलं.

"ऊठ, वेड्या! रडतोस काय? साहेब थांबलेत. बोल!"

तो उठला, डोळे पुसले आणि बोलू लागला... आणि असा बोलला की शाळेच्या वकिलाने आपले कागद चाळायचेही सोडून दिले! ताई मागच्या बाकावर, त्या बायकांमध्ये जाऊन टेकली. एकतीस वर्षं तिने कोर्टातला शब्द न् शब्द टिपला होता, पण चेहऱ्यावरची रेष कधी हलू दिली नव्हती. आता तिच्या हातात पेन्सिल नव्हती. टिल्लूचं शेवटचं वाक्य संपलं, आणि ताईने दोन्ही हातांनी कडाडून टाळी वाजवली!

"शांतता!" पट्टेवाला ओरडला. पण तोवर सगळे बाक टाळ्या वाजवत उभे राहिले होते.