दाढीवाल्याची दाढी कुणी तोडली?

"मी पाहुण्यांना गोल कमानी दाखवणार, ऋषभ टोकदार कमानी दाखवणार. आणि विराज, तू गप्प बसायचंस," भार्गवीनं सायकल दामटत जाहीर केलं.

"गप्प बसणं हे काय काम झालं?" मागून विराज ओरडला. त्याच्या एका हातात हँडल होतं आणि दुसऱ्या हातात फ्राइजचा कागदी कोन.

"तुझ्यासाठी सगळ्यात अवघड काम तेच आहे," ऋषभ म्हणाला.

शरदातली सुट्टी होती. भार्गवीचा मित्र ऋषभ डेल्फ्टहून तिच्याकडे राहायला आला होता. भार्गवी आणि तिचा धाकटा भाऊ विराज यांचं घर नेदरलँड्समध्ये, मास्ट्रिख्टजवळच्या एका छोट्या गावात होतं आणि त्या गावात एक फार जुनं चर्च होतं. रविवारी गावाचा सण. त्या दिवशी पाहुण्यांना चर्च फिरवून दाखवतात, आणि ते काम यंदा पहिल्यांदाच एका मुलीला मिळालं होतं. बारा वर्षांच्या भार्गवीला! ती तर आठवडाभर हवेतच होती.

अर्थात याचं सगळं श्रेय आशुतोषकाकांचं. ते मूळचे पेणचे, घरी गणपतीच्या मूर्तींचा कारखाना. इथं मास्ट्रिख्टला ते जुन्या दगडांवर संशोधन करायचे. दर शनिवारी ते भार्गवीला चर्चमध्ये घेऊन जायचे. "जाड भिंत, छोटी खिडकी, गोल कमान, म्हणजे रोमनेस्क. हा भाग आधीचा. उंच खिडकी, रंगीत काच, टोकदार कमान, म्हणजे गॉथिक. हा नंतर जोडलेला," ते समजावायचे. "तेव्हा बहुतेकांना वाचता येत नव्हतं बाळा. त्यांनी हे दगडच वाचले." आणि दरवेळी शेवटी बजावायचे, "पण हात लावायचा नाही. हाताचं तेल दगड पितो आणि मग ते कधीच निघत नाही."

भार्गवीचा सगळ्यात लाडका दगड तळघरात होता. तिथले खांब बुटके. एका खांबाच्या माथ्यावर एक माणूस कोरलेला होता. सगळी कमान पाठीवर घेऊन बसलेला, आणि वैतागून स्वतःची दाढी ओढणारा. मुलं त्याला दाढीवाला म्हणायची.

त्या दिवशी चर्चच्या दारातच क्लासन्सबाई उभ्या होत्या. चर्चची किल्ली त्यांच्याकडे असायची. शेजारी आशुतोषकाकाही होते. बाईंचं तोंड बघूनच भार्गवी सायकलवरून खाली उतरली.

"काल हा मुलगा तळघरात होता ना? हेच खात?" बाईंनी विराजच्या हातातल्या कोनाकडे बोट दाखवलं. "चला, दाखवते."

दाढीवाल्याच्या दाढीचं टोक गायब होतं! आणि त्याच्या तोंडावर, छातीवर मोठा काळपट, तेलकट डाग.

"मी नाही केलं," विराज म्हणाला.

"मग आणखी कोण तेलकट हातांनी इथं फिरतं?"

भार्गवीनं आशेनं काकांकडे पाहिलं. काका तिच्याकडे बघत नव्हते. ते बाईंकडे वळले आणि हळू आवाजात म्हणाले, "लहान आहे हो तो. त्याच्या वतीनं मी माफी मागतो."

झालं! माफी मागितली म्हणजे गुन्हा कबूलच की. तिघांना चर्चमध्ये यायची बंदी झाली आणि रविवारचं कामही गेलं. संध्याकाळपर्यंत ही बातमी बेकरीपासून शाळेपर्यंत पोचली.

घरी येऊन भार्गवीनं विराजला धरलं. "खरं सांग. मी रागावणार नाही."

"तूपण?" विराज म्हणाला. आठ वर्षांचा तो एवढासा जीव, पण त्यानं जे तोंड फिरवलं ते जेवायलासुद्धा आला नाही.

"एक मिनिट," ऋषभ म्हणाला. तो कायम गणित सोडवत असल्यासारखा बोलायचा. "फ्राइज खाऊन बोटाला तेल लागतं. बोटांचे ठसे उमटतील. तो डाग आपल्या ताटाएवढा आहे. एवढ्या तेलासाठी विराजला फ्राइजच्या कढईत हात घालावा लागेल."

भार्गवीचा चेहरा पडला. हे तिला का सुचलं नाही? दाढीवाला परत एकदा नीट बघायलाच हवा होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी क्लासन्सबाई वेदीपाशी फुलं लावत होत्या. ऋषभ दारातच उभा राहिला. बंदी म्हणजे बंदी, त्यानं उंबरा ओलांडला नाही. तिथूनच त्यानं नम्रपणे विचारलं, "बाई, बाहेरच्या भिंतीला ते दगडी टेकू कशाला दिलेत?" जुन्या चर्चबद्दल विचारलं की बाईंना राग, बंदी, फुलं कशाचंच भान राहत नसे. त्या त्याला घेऊन टेकू दाखवायला बाहेर गेल्या, आणि भार्गवी मागच्या दारानं तळघरात!

आत बर्फासारखं गार होतं. तिनं टॉर्च लावला. दाढीच्या कोरीव वळशांमध्ये काहीतरी पांढरं, मेणासारखं अडकलं होतं. मेणबत्ती असेल? पण इथं खाली मेणबत्त्या लावत नाहीत. दगडाला बोट न लावता तिनं नखानं एक कण उचलला. तो बोटावर येताच वितळला, आणि वास आला.

तिला क्षणभर काही कळेना. हा तर घरचा वास! रविवारची सकाळ, न्हाणीघर, आईच्या मांडीत डोकं.

खोबरेल तेल.

"खोबरेल?" बाहेर आल्यावर ऋषभचे डोळे मोठे झाले. "मग विराजच्या डोक्याचं तर नसेल?"

"त्याच्या डोक्याला तेल लावायचं म्हणजे घरभर पकडापकडी असते. आणि तो खांबाला डोकं कशाला घासेल?" भार्गवी विचार करत होती. "या गावात खोबरेल फक्त आमच्या घरी आहे. आणि..."

ती थांबली. तिला भाद्रपद आठवला. इथल्या मराठी मंडळाची गणपती करायची कार्यशाळा, सगळी मुलं मातीनं बरबटलेली, आणि मधोमध आशुतोषकाका हातात बाटली घेऊन साच्याला आतून तेल चोपडताहेत. "आमच्या पेणच्या घरात खोबरेलच लावतात. मूर्ती कशी अलगद सुटते बघा!"

"काकांनी दाढीवाल्याचा साचा घेतला," ती म्हणाली. "दगडाला तेल लावून वर प्लॅस्टर थापलं."

"पण तिथं तर..." ऋषभनं डोक्यावर हात मारला. "तिथं गार आहे! माझी आई थंडीत बाटली गरम पाण्यात ठेवते, नाहीतर तेलाचा थेंब बाहेर येत नाही. तळघरात ते थिजलं असणार. साचा सुटलाच नसणार!"

ऋषभला कोडं सुटल्याचा आनंद झाला होता. भार्गवीला मात्र रडू येत होतं. साचा चिकटला, दाढी तुटली, तिथपर्यंत ती समजू शकत होती. पण मग काकांनी माफी मागितली ती कुणाच्या वतीनं?

तिघंही काकांच्या घरी गेले. विराज यायला तयार नव्हता. भार्गवीनं हात धरून त्याची क्षमा मागितली, तेव्हा कुठे गडी सायकलवर बसला. काकांनी नेहमीसारखं हसून दार उघडलं. "या या! गरम चॉकलेट करू?"

"काका, चाकात हवा भरायची आहे. पंप शेडमध्ये आहे ना?" ऋषभ म्हणाला.

काकांचं हसू मावळलं. "थांब, मी आणून देतो."

पण विराज तोवर शेडमध्ये पोचला होता. गप्प बसणं जमलं नाही तरी धावणं त्याला झकास जमायचं. जुन्या टॉवेलखाली प्लॅस्टरचा एक मोठा गोळा होता. त्यानं तो उलटा केला. आत दाढीवाल्याचा चेहरा उलटा उमटला होता आणि दाढीच्या खळग्यात एक खराखुरा दगडाचा तुकडा घट्ट रुतून बसला होता.

काका शेडच्या पायरीवर बसले.

"तुझ्यासाठीच करत होतो बाळा," ते भार्गवीला म्हणाले. "रविवारी तुला दाढीवाल्याची प्रतिकृती भेट द्यायची होती. तेल तिथं थिजलं. मी ओढलं आणि..."

"मला नको होती," भार्गवी म्हणाली. "हात लावायचा नाही असं तुम्हीच सांगितलंत. मी मैत्रिणींनासुद्धा लावू दिला नाही, भांडले त्यांच्याशी."

"मी सांगणारच होतो. माझं काम जाईल अशी भीती वाटली. तो लहान आहे, लोक विसरतील, असं वाटलं."

"मी नाही विसरणार," विराज म्हणाला.

भार्गवीला आपल्या शनिवारच्या सगळ्या फेऱ्या आठवल्या. केसानं गळा कापणं हा वाक्प्रचार तिनं आईच्या तोंडून ऐकला होता, पण अर्थ आज कळला. अनोळखी माणसानं हे केलं असतं तर तिला नुसता राग आला असता.

"विराजचं नाव गावभर खराब झालं," ती डोळे पुसत म्हणाली. "म्हणून तुम्ही गावासमोर सांगायचं. नुसतं क्लासन्सबाईंच्या कानात नाही. तुम्ही नाही सांगितलंत तर मी सांगेन."

रविवारी चर्च माणसांनी भरलं होतं. काका कमानीखाली उभे राहिले. हातात तो तुकडा होता. मोडक्यातोडक्या डचमध्ये त्यांनी सगळं सांगितलं, साचा, तेल, आणि एका लहान मुलावर ढकललेला आळ. चर्चमध्ये कुजबुज झाली आणि विरली. तुकडा परत बसवता येईल, पण तेलाचा डाग बहुतेक तसाच राहील, हेही त्यांनीच सांगितलं.

क्लासन्सबाईंनी तिथंच बंदी उठवली, आणि मग भार्गवीनं पाहुण्यांना चर्च दाखवलं. गोल कमानी, ऋषभच्या टोकदार कमानी, आणि शेवटी दाढीवाला. ती छान बोलली, फक्त "हात लावू नका" म्हणताना एकदा अडखळली.

"आम्ही मोठ्यांनी डाग पाहिला आणि लगेच निकाल दिला," क्लासन्सबाई सगळ्यांसमोर म्हणाल्या. "या मुलांनी डाग नीट पाहिला. यांच्याइतकी काळजी या दगडांची आम्हीसुद्धा घेतली नाही." आईनं तिघांना जवळ घेतलं. बाई विराजसमोर वाकल्या, त्याची माफी मागितली आणि चर्चची भलीमोठी लोखंडी किल्ली त्याच्या हातात दिली. "आज कुलूप तू लावायचंस."

सगळे बाहेर पडले. काका पायऱ्यांखाली वाट बघत उभे होते.

"भार्गवी, पुढच्या शनिवारी येशील?"

भार्गवीला पटकन हो म्हणावंसं वाटलं, सवयीनं. तिनं मागे पाहिलं. विराज जीभ बाहेर काढून, दोन्ही हातांनी जोर लावून किल्ली फिरवत होता.

"त्याला विचारा," ती म्हणाली.