उस्तादाची गाडी

तैवानमधल्या चियायी शहराबाहेरच्या गॅरेजात योंग-शेंग सकाळपासून एकाच गाडीमागे लागला होता. जुनी, पांढरी, चार सिलिंडरची गाडी मिसिंग मारत होती. बोलता बोलता कुणी आवंढा गिळावा, तशी मध्येच अडखळायची.

गाडी आ-तोकची. आ-तोक म्हणजे त्याचा उस्ताद, या गॅरेजचा मूळ मालक आणि सू-चिनचा पहिला नवरा. तो वारल्यावर योंग-शेंगने गॅरेज सांभाळलं, पुढे सू-चिनशी लग्नही केलं. गाडी विकायला मात्र ती आत्ता कुठे तयार झाली होती. गिऱ्हाईक संध्याकाळी येणार होतं. अडखळती गाडी कोण घेणार? आणि गाडी दारात राहिली, की आ-तोकही राहिला.

"अरे, गाडीलासुद्धा पहिलाच नवरा हवाय!" समोरची शेवयांचं सूप विकणारी मावशी ओरडली.

तो कसाबसा हसला.

इंजिन चालू ठेवून त्याने प्लगच्या वायरी एकेक काढून परत लावल्या. वायर काढल्यावर इंजिन आणखी ढेपाळलं, तर ते सिलिंडर धडधाकट. काहीच फरक पडला नाही, तर दुखणं तिथेच. ही आ-तोकचीच शिकवण. तिसऱ्याला फरक पडला नाही. त्याने प्लग बदलला, वायर बदलली, डिस्ट्रिब्युटरचं झाकण घासून पुसलं. ठिणगी निळी, दणदणीत. तरी गाडी अडखळतच होती. पुन्हा वायरी काढून पाहिल्या, तर आता पहिलं सिलिंडर मेलेलं.

इंजिन तसंच चालू ठेवून तो डॅशबोर्डखालच्या वायरी चाचपायला वाकला. हाताला काहीतरी चुरचुरलं. मक्याच्या खाऊचं हिरवं पाकीट. यंत्राने शहाण्यासारखं वागावं म्हणून तैवानात सगळेच असं पाकीट यंत्रावर ठेवतात. पण आ-तोकला जाऊन पाच-सहा वर्षं झाली होती, आणि पाकिटावरची तारीख यंदाची होती.

"हे तू ठेवलंस?"

सू-चिन दारात कपडे वाळत घालत होती. "जुनं झालं की बदलते. शिळं पाकीट गाडीला चालत नाही."

"माझ्या कॉम्प्रेसरवरचं कधीचं शिळं झालंय. ते नाही दिसलं?"

"तो लोखंडाचा डबा आहे, शेंग."

"आणि ही कोण आहे?"

तिने पुढचा कपडा झटकून दोरीवर टाकला.

त्याने पाकीट फाडलं. कामाला लावलेलं पाकीट कुणी खात नाही, लहान मूलसुद्धा नाही. तिच्याकडे बघत तो मुठीमुठीने खात गेला. खाऊ कुरकुरीत होता. त्याचाच त्याला जास्त राग आला.

"ते तुझ्यासाठी नव्हतं," ती हळू आवाजात म्हणाली.

इंजिनाचा ठोका जुळला. गाडी एका सुरात चालू लागली.

"बघ! तुझ्या लाडानेच बिघडली होती!"

सू-चिनने हात पुसले आणि ती गाडीत जाऊन बसली, ड्रायव्हरच्या शेजारच्या सीटवर.

खात्री करायला तो बॉनेटखाली वाकला. पहिली वायर काढली. फरक नाही.

दुसरी काढली. तिसरी.

चौथीही काढली. चारही वायरी लोंबकळत होत्या. कुठेच ठिणगी नव्हती, तरी इंजिन संथ चालत होतं.

बॉनेटच्या फटीतून त्याला काच दिसली. सू-चिन तोंडावर हात ठेवून हसत होती. त्याच्या कुठल्याच बोलण्यावर ती अशी हसली नव्हती.

मग तिने खिशातून संत्रं काढलं, सोललं, आणि न बघताच एक फोड स्टिअरिंगमागच्या सीटकडे धरली. हात परत आला तेव्हा रिकामा होता.

ती दुसरी फोड सोलू लागली.